दोन खटक्यांमधला वेळ

बाबा, त्या सकाळी आईने मला चुलीपाशी बसू दिलं नाही. माझे दिवस भरत आले होते. अंगणात पाट टाकून मी तूर निवडली, केर काढला आणि तुमचा डबा घेऊन रिसोडच्या डाकघरात आले. दारातच शिपायाने टोकलं, "बाई, हळू चाल, नाईतं इथंच पाळणा बांधा लागन." तारयंत्रावरून मान न उचलता तुम्ही म्हणालात, "बांधू न! लेकरू झालं की जावयाले तार मी सोता ठोकतो."

लहानपणी त्याच टेबलाशी बसून मी तार ऐकायला शिकले होते. शाळा चौथीत सुटली, पण इंग्रजी अक्षरं तुम्ही मला कानाने दिलीत. पितळेची पट्टी खाली आली की एक खटका, वर गेली की दुसरा, जरा पोकळ. "नुसते खटके नको मोजू, पोरी. दोघाइच्या मंधात किती वेळ गेला, थे पाह्य." थोडा वेळ म्हणजे टिंब, त्याच्या तिप्पट म्हणजे रेघ. तुम्ही शिक्के मारत असा की जेवत असा, यंत्र बोललं की हातातलं तसंच राहायचं.

परवा तुमची नात, कॉलेजात शिकवते ती, जेवणाच्या टेबलावर वायरी पसरून बसली होती. मध्ये नखाएवढा मायक्रोकंट्रोलर. "आई, हा आपलं दुसरं काम करत असतो. बटण दाबलं की इंटरप्ट येतो, मग हातातलं सोडून तो टायमर बघतो. बटण सोडलं की पुन्हा बघतो. वजाबाकी केली की दाब किती वेळ टिकला ते कळतं." मी दाबून पाहिलं, एकदा थोडं, एकदा लांब, असं चार-पाचदा. पडद्यावर आकडे आले. "दर खेपेला तिप्पटच कसं गं?" ती हसली. "तुझ्या आजोबांनी लावलेली सवय," मी म्हटलं. पुढचं तिला सांगवेना. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला लिहवतं आहे.

त्या सकाळी डबा देऊन मी बाहेर ओसरीतल्या बाकावर टेकते. तुम्हाला वाटतं, मी घरी गेले. खिडकीतून यंत्र वाजू लागतं, कारंज्याहून, माझ्या सासरहून. आधी तुमचं नाव येतं, मग ह्यांचं, मग तो इंग्रजी शब्द. तो मला पाठ होता. मरणाच्या तारांत तोच असायचा. तुम्ही तिकडच्याला पुन्हा ठोकायला लावता. मग आणखी एकदा. एरवी तुम्हाला कधी दुसऱ्यांदा विचारावं लागत नसे. एखादी रेघ टिंब निघेल, शब्द बदलेल, म्हणून मीही कान लावून बसलेली. शेवटी त्याने इतकं सावकाश ठोकलं की चुकायला जागाच उरली नाही.

तुम्ही बाहेर आलात आणि मला पाहून थबकलात. "काहून? तू अजून इथंच?"

"डोळा लागला होता, बाबा."

"जावयाले जरा ताप हाय म्हन्ते. मी पाहून येतो. तू घरी जाय." बोलताना तुम्ही माझ्या पोटाकडे पाहत होता.

बाळंतपण होईपर्यंत तुम्ही खरं सांगितलं नाहीत. सांगितलंत तेव्हा मी रडले, आणि तुम्हाला वाटलं, मला आत्ताच कळलं. बाबा, माझा डोळा लागला नव्हता.

तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी कासारीण दारावर आली. आईला काहीच ठाऊक नव्हतं. तिने हिरव्या बांगड्या निवडल्या. मी दोन्ही हात पुढे केले.