माइंड या शब्दाचे उपयोग

६ जून १९९४, सोमवार
आजपासून पुस्तक. निवृत्त होऊन अकरा महिने झाले, आता सबबी पुरे. विषय ठरला: इंग्रजीतला एकच शब्द, माइंड. तीस वर्षं मुलांना शिकवला आणि तरी पुरता हाती आला नाही. साठ उपयोग, साठ पानं, ऑगस्टअखेर छापखान्यात.
उपयोग पहिला: मन. हा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे आजचं काम लवकर संपलं.
रात्रीच्या जेवणाला भाचीला, ओडेटला, सांगितलं. चौदा वर्षांच्या मुलीला कशाचंच अप्रूप नसतं. म्हणाली, टांटी, एका शब्दावरचं पुस्तक विकत कोण घेणार? मी म्हटलं, विद्वान. ती म्हणाली, ग्रेनाडा बेटावर?

९ जून
उपयोग दुसरा: सांभाळणं. आमच्या गावात बाई शेळी माइंड करते, कोंबड्या माइंड करते आणि परदेशी गेलेल्या बहिणीचं मूल माइंड करते. शब्द एकच. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कॉन्सेप्टा म्हणायच्या की हे गावंढळ इंग्रजी आहे. पण त्या स्वतः आयर्लंडच्या, आणि त्यांच्याकडेही हेच म्हणतात असं मला पुढे कळलं.
शेजारची डोर्का कुंपणावरून ओरडली, मास्तरीणबाई, आणि पुरुष बाईला माइंड करतो, घरभाडं भरतो, ते नाही का लिहिणार? लिहिणार नाही. पुस्तक शाळांसाठी आहे.

१५ जून, दुपार
लंडनहून व्हर्लिनचं पत्र. ओडेटला बोलावून घेते आहे, सप्टेंबरात शाळेत घालणार.
माझ्या या धाकट्या बहिणीने बारा वर्षांत हे सात वेळा लिहिलं आहे. ओडेटला माझ्या हातात दिलं तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि तिच्या अंगात ताप होता. तेव्हाही व्हर्लिन म्हणाली होती, ताई, फक्त वर्षभर. दर ख्रिसमसला लंडनहून पिंपभर वस्तू येतात. बूट नेहमी मागच्या वर्षीच्या मापाचे.
ती मन बदलेल. उपयोग तिसरा: मन बदलणं. बघा, आयुष्यातून आपोआप उदाहरणं मिळतात.

१६ जून
पत्र पुन्हा वाचलं. या वेळी तिकिटाची तारीखही आहे.
आमच्या रस्त्यावरच्या चार घरांतली मुलं अशीच बोलावणं आल्यावर गेली. त्यांना सांभाळणाऱ्या बायका विमानतळावर जमिनीवर बसून रडल्या. मी तशी नाही. मी पहिल्या दिवसापासून मनाला बजावून ठेवलं आहे की मूल आपलं नव्हे. मला काहीही वाटत नाही.
ओडेटला विचारलं, जायचं आहे का? तिने खांदे उडवले. म्हणजे नाही. मी तिचे खांदे ओळखते.

२२ जून
पुस्तक चाळीस उपयोगांचं करायचं ठरवलं. आटोपशीर पुस्तकं जास्त वाचली जातात.
ओडेटने आज नीरफणस दोनदा मागून घेतला. लंडनमध्ये नीरफणस मिळत नाही, हे तिलाही कळतं. इथं राहायचं असल्याची खूणच ही.

२९ जून
व्हर्लिनचा फोन, डोर्काच्या घरी. (फोन तिच्याकडे आहे, म्हणून आमची एकही गोष्ट तिच्यापासून लपत नाही.) व्हर्लिन म्हणाली, ताई, व्हिसाच्या ऑफिसला तुझं एक पत्र लागतं. दूर राहूनही मुलीची सगळी जबाबदारी आईचीच होती, असं सिद्ध करावं लागतं. तू तेवढं लिही. तुझं इंग्रजी किती छान!
अखेर भाषा येणाऱ्या माणसाला कोणी काहीतरी लिहायला सांगितलं. उद्याच बसते.

५ जुलै
अजून बसले नाही. जायफळं वाळवायची होती.

८ जुलै
पत्र झालं. सात पानं. खोटं एक अक्षर नाही. गोवर आला तेव्हा नऊ रात्री कुशीत घेऊन बसले तो प्रसंग. पोहायला कोणी शिकवलं. टॉन्सिल काढताना फॉर्मवर सही कोणाची. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा झगा कुठल्या पडद्याचा शिवला. पहिल्यांदा न्हाण आलं तेव्हा ती कोणाकडे धावत आली. शेवटी लिहिलं की मुलीचं इंग्रजी व्याकरण निर्दोष आहे आणि कुठलाही देश तिला घेऊन धन्य होईल.
डोर्काला वाचून दाखवलं. चौथ्या पानापासून ती डोळे पुसत होती. मग म्हणाली, हे पाठवू नकोस. मी विचारलं, का? म्हणाली, अगं वेडे, हे वाचून साहेब म्हणेल मुलगी हिचीच आहे, राहू दे हिच्यापाशी.
डोर्का पाचवीपर्यंत शिकली आहे. तिला शिफारसपत्र म्हणजे काय ते कळत नाही. इतक्या चांगल्या वाढवलेल्या मुलीला कोण नाही म्हणेल?

९ जुलै
पत्र थेट राजधानीतल्या ऑफिसला टाकलं. व्हर्लिनकडून पाठवायचं ठरलं होतं, पण तिने वाचून उगाच रडत बसू नये. कामावर जायचं असतं तिला. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना माइंड करते ती तिथं. हे उपयोग दोनमध्येच बसतं, नवा आकडा देता येत नाही.
आज फार शांत झोप लागेल.

१० जुलै
झोप लागली नाही. उकाडा.

२१ जुलै
ऑफिसने अर्ज परत केला. या पत्रावरून जबाबदारी आईची होती असं दिसत नाही, असं कळवलं आहे. महिन्याच्या आत नवे कागद द्या, नाहीतर प्रकरण बंद.
व्हर्लिन फोनवर आधी रडली, मग ओरडली, मग एकदम हळू आवाजात म्हणाली, ताई, तू मुद्दाम केलंस. मी म्हटलं, मी फक्त खरं लिहिलं. ती म्हणाली, खरं मलाही माहीत आहे गं. ते कागदावर कशाला घातलंस?
ओडेट डोर्काच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. मला वाटलं तिचा जीव भांड्यात पडला असेल.

२२ जुलै
ओडेट बोलत नाही. दात दुखत असावा.

२४ जुलै, रविवार
चर्चमध्ये मिस्साला आली, पण माझ्यापासून वेगळ्या बाकावर बसली. दात नाही.

२५ जुलै
आज बोलली. मी अळूची पानं निवडत होते. समोर उभी राहिली आणि म्हणाली, टांटी, मला आईबरोबर राहून बघायचं आहे. ती रागावते कशी, सकाळी उठल्यावर कशी दिसते, मला काहीच माहीत नाही. तू तिला लहानपणापासून रोज बघितलंस. मी नाही.
मी म्हटलं, नीरफणस दोनदा घेतलास तो? ती म्हणाली, कुठला नीरफणस?
मग म्हणाली, तुला सोडून जायचं नाहीये मला. पण जायचं आहे.
तीस वर्षं मी मुलांना सांगत आले की एका वाक्यात दोन विरुद्ध गोष्टी घालू नयेत. पाटीवर खोडून दाखवत असे. आज खोडायला काही सापडलं नाही.

२८ जुलै
नवं पत्र. ओडेट शेजारी बसून पुसून टाकायच्या गोष्टी दाखवत होती.
टॉन्सिलचा निर्णय कोणाचा? आईचा. (व्हर्लिनला आठवड्यानंतर कळलं होतं.) शाळा कोणी निवडली? आईने. कम्युनियन? आईने. गोवर? ओडेट म्हणाली, गोवर काढूनच टाकू, त्यात निर्णय काय असतो. मी म्हटलं, निदान पोहायला शिकवलं ते? ती म्हणाली, टांटी, प्लीज.
सात पानांचं अर्धं पान राहिलं. मी मुलीला फक्त सांभाळलं, बाकी सगळं तिच्या आईचं, असं वाक्य आहे. फक्त हा शब्द ओडेटने घातला. जागा अगदी अचूक. वाक्यरचना तिला मीच शिकवली.
खाली सही केली. खोट्या गोष्टी मोजल्या, नऊ निघाल्या. शनिवारी कन्फेशन. सिस्टर कॉन्सेप्टा म्हणायच्या की दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेलं खोटं लहान असतं. नऊ लहान मिळून केवढं होतं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

२ ऑगस्ट
पुस्तक वीस उपयोगांचं. पुस्तिका म्हणता येईल.

११ ऑगस्ट, सकाळी नऊ
ऑफिसमधून फोन. डोर्का घरच्या कपड्यांत कुंपणावरून वयाला न शोभणारी उडी मारून बोलवायला आली. ओडेट माझ्या कानाशी कान लावून उभी. आवाज तरुण होता, सभ्य. म्हणाला, मॅडम, एकच शंका आहे. आधीच्या पत्रात बरंच काही लिहिलं होतं. मुलीला तुम्ही वाढवलंत, असं म्हणता येईल का?
मी उत्तर पाठ केलं होतं, दोन छान वाक्यं. आयत्या वेळी एकच शब्द आला. नाही.
तो म्हणाला, मग ते पहिलं पत्र? मी म्हटलं, म्हातारपण. एकट्या बायकांना काहीबाही वाटतं. तो म्हणाला, समजू शकतो. थँक यू.
एका मिनिटाच्या आत आटोपलं. ओडेटने मला करकचून मिठी मारली, चारपाच वर्षांत पहिल्यांदा. डोर्का स्वयंपाकघरात निघून गेली आणि उगाच भांडी आपटत बसली.

१९ ऑगस्ट
व्हिसा आला. फार आनंद झाला. इतका की चहात मीठ घातलं.

२७ ऑगस्ट, शनिवार
विमानतळ. आयरिश लोक निरोप घेताना म्हणतात, स्वतःला माइंड कर. म्हणजे सांभाळून राहा. कॉन्व्हेंट सोडताना सिस्टर कॉन्सेप्टांनी मला तेच म्हटलं होतं. इतका सुंदर उपयोग, मी तो ओडेटसाठी राखून ठेवला होता.
प्रत्यक्षात मी तीनदा विचारलं, पासपोर्ट घेतलास ना? तिने तीनदा दाखवला.
जमिनीवर बसले नाही. बाक होतं.

४ सप्टेंबर
फोन आला. थंडी आहे, आई चांगली आहे, आई घोरते. मम्मी म्हणाली ती, आई नव्हे. मी म्हटलं, छान. पैसे जातात म्हणून लवकर ठेवला.
पुस्तक पुढल्या वर्षी. एकूण उपयोग सात झाले. आठवा लिहायला घेतला होता: आय डोन्ट माइंड, म्हणजे मला काही वाटत नाही. उदाहरण सुचलं नाही.

१८ सप्टेंबर, रविवार
नवे फादर घरोघर फिरून चर्चची कुटुंबांची वही नव्याने लिहीत आहेत. पोरगेलेसे आहेत, घाम फार येतो. पाणी दिलं. त्यांनी विचारलं, लग्न? नाही. मुलं? नाही. मग पेन्सिल थांबवून म्हणाले, कोणाचं मूल वाढवलंत का? आम्ही तेही लिहितो.
डोर्का कुंपणापाशी कान देऊन उभी होती. मी म्हटलं, नाही, फादर, कोणाचंच नाही. एकदा सही करून दिल्यावर माणसाने शब्द फिरवू नये.
त्यांनी लिहून घेतलं. उठताना दारातल्या लहान निळ्या रबरी चपला त्यांच्या पायात येत होत्या. त्यांनी त्या उचलून बाजूला ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, माझ्याच आहेत. जरा घट्ट होतात.