राखणीचं काम

भुईगाव, गुरुवार

प्रिय धनेशदादा,

तू रविवारी मला चांदीपला तुझ्या घरी न्यायला येतोयस, हा निरोप एस्थरताईंनी दिला. मला रस्त्यावरून आणून बरं करणाऱ्या या संस्थेत गोळ्यांपासून भांडणांपर्यंत आम्हा बायकांचं सगळं त्याच बघतात. तू मला शोधत होतास हे ऐकून मी आधी रडले आणि मग दुप्पट जेवले. पण येण्याआधी माझी बातमी ऐक. दादा, मला काम मिळालंय.

स्टेशनबाहेर पोतं पांघरून बसणारी तुझी रीमा आता ग्रेसीमावशींच्या वाडीत सुकेळी करते. पिकलेली राजेळी केळी सोलायची, मांडवावर उन्हात वाळत घालायची, परतायची, संध्याकाळी टोपल्यांत भरून झाकायची. सोपं वाटतं ना? मी पहिल्याच दिवशी घोळ घातला. दुपारी सगळे जेवायला गेले आणि केळी तशीच उघड्यावर. रस्त्यावर उघडं ठेवलेलं काही आपलं राहत नाही, भाकरी असो नाहीतर चप्पल. मी सगळी केळी प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबली आणि गवताखाली लपवली. संध्याकाळी पिशव्या उघडल्या तर आंबूस वास. म्हटलं, गेलं काम. मावशी पोटभर करवादल्या, मग माझ्या हातात काठी देऊन म्हणाल्या, चोराची एवढी धास्ती आहे तर उद्यापासून कावळे तूच हाकल.

तेव्हापासून मांडव माझ्या ताब्यात आहे. भुईगावातले कावळे मला नावानिशी ओळखत असतील. डोक्यात कधीकधी ते आवाज अजून येतात. मी त्यांना सांगते, नंतर या, आत्ता केळी परतायचीत. गोळी मात्र चुकवत नाही. पहिल्या मजुरीतून मी आरसा घेतला आणि कितीतरी वर्षांनी नीट भांग पाडला. फार मजा वाटली रे.

तू कळवलंस, खोली रिकामी केलीय, आता रीमानं काही करायचं नाही, नुसतं बसून खायचं. तुझी माया मला कळते. पण नुसतं बसून मी खूप वर्षं काढली, दादा. मी राहायला येणार नाही, हे सांगायलाच हे पत्र. रागावू नकोस. रविवारी तू मात्र ये, वहिनीलाही आण. कोळंबीचं कालवण करणार आहे, बाजार माझ्या पैशांचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी कोणाला तरी जेवायला बोलावतेय.

तुझीच, कामावरची
रीमा