आठवी ब चा पाचवा तास

मंगळवार, ९ सप्टेंबर
गणितवाल्याने आज पुन्हा माझा तास खाल्ला. आठवी ब, पाचवा तास. म्हणाला, सर, इतिहास कुठे पळून जातोय, तो तर घडून गेलाय. माझी समीकरणं राहिलीत. अख्खी स्टाफरूम हसली. मीही हसलो, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती.
संकल्प: यापुढे प्राण गेला तरी तास सोडायचा नाही.

बुधवार, १० सप्टेंबर
तास सोडला. त्याची टेस्ट होती. अपवाद.
स्टाफरूमच्या फुटक्या तावदानावर जगाचा नकाशा चिकटवलाय. माझा नकाशा! शिपायाला झापलं. तो म्हणाला, वर्षभर कपाटातून निघाला नव्हता, म्हटलं कामाला तरी येऊ दे. याला चोख उत्तर देणार आहे. सुचलं की लगेच.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
कहर झाला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, जिल्हा ऑफिसातून निकाल आलेत, शाळा गणितात मागे आहे, तर पाचवा तास कायमचा गणिताला द्यावा म्हणते. त्या वेळात मी ग्रंथालय बघायचं. म्हणजे धूळ झटकायची! वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने!
मी ताडकन उठलो. म्हटलं, बाई, वर्ग मुलांचा आहे, मुलांनाच विचारा. गुप्त मतदान घ्या. बाई म्हणाल्या, चालेल, मुलं म्हणतील तसं. गणितवाल्याने तोंडावर रुमाल धरला. रडू आवरत असणार. गाढवाला गुळाची चव काय.

रविवार, १४ सप्टेंबर
आमची मुलगी आठवी ब मध्येच आहे. बायको म्हणाली, तुमचा तास कसा वाटतो ते तिला एकदा विचारा तरी. कशाला? मी प्रश्नोत्तरं सांगतो, मुलं माना खाली घालून उतरवून घेतात, हूं की चूं नाही. याला शिस्त म्हणतात. गणितवाल्याच्या वर्गात सारखा हशा. हसून कधी समीकरण सुटलंय? आणि माझ्या तासाला मागच्या बाकावरचा लंबू तर डोळे मिटून ऐकतो.
तरी मुलीला म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, मनाला पटेल तेच कर. ती दप्तर उचलून खोलीत गेली. भारावली असावी.

सोमवार, १५ सप्टेंबर, सकाळी
नकाशा खिडकीवरून काढून घेतला, वर्गात टांगला. त्याच्या आडोशाला खडूचं खोकं, तीच मतपेटी. वर्गाला दरडावून सांगितलं: मत गुप्त असतं, घरच्यांनीही विचारायचं नाही आणि तुम्हीही सांगायचं नाही. दोन्ही शिक्षकांनाही मताचा हक्क दिलाय, मी उदार आहे. गणितवाला म्हणाला, मला नको, तुम्हीच द्या. एवढा माज! विजयाचं भाषण खिशात आहे. त्यात त्याला माफ केलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गणिताला एकोणचाळीस. मला एक.
पुन्हा मोजायला लावलं. एकच. लंबूने टाळ्या वाजवल्या. इतका जागा त्याला मी कधी पाहिला नव्हता. भाषण खिशातच राहिलं.
ते एक मत कुणाचं, हे मला कुणी सांगायला नको. मीच टाकलं होतं.
जेवताना बायकोने मुलीला सरळ विचारलं, तू कुणाला दिलंस. मी ताटात बघत राहिलो. मुलगीही ताटातच बघत होती. म्हणाली, मत गुप्त असतं, घरच्यांनीही विचारायचं नसतं, बाबांनीच शिकवलंय.
राग आला होता, पण कुणाचा ते कळेना.
मात्र एक सिद्ध झालं. मी शिकवलेलं मुलांच्या लक्षात राहतं. हे उद्या बाईंच्या कानावर घातलंच पाहिजे. पाचव्या तासाला मोकळाच आहे.