काळ्या चौकटीतला कार्यक्रम

२ ऑक्टोबर १९७३
आजपासून रोज आठ तास सराव. अल्बम तयार आहे: एकच सलग रचना, पाच कीबोर्ड, विषय मृत्यू. बाबांशी काही संबंध नाही. बाबा जानेवारीत गेले, मी तेव्हाच सावरलो. रडलोसुद्धा नाही. दफनाला कबरस्तानाच्या फाटकाशी थांबलो होतो. बूट नवे होते. बाबा रविवारच्या नाचाला अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. माझं काम वेगळ्या पातळीवरचं.
आजचा सराव: अर्धा तास. बोटं बधिर होतात. थंडी.

५ ऑक्टोबर
गिटारवाला फुल्वियो सोडून गेला. म्हणाला, अख्ख्या अल्बममध्ये माझे तीन सूर, तेही तुझ्या ऑर्गनखाली गाडलेले. निव्वळ मत्सर. आता मी आणि ड्रमवाला नेल्लो. आवाज मोकळा झाला.

११ ऑक्टोबर
टेप ऐकून मिलानच्या रेकॉर्ड कंपनीचे ब्रांबाती स्वतः यायला तयार! माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. तारीख मीच दिली: २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस. अख्खं गाव कबरस्तानातून थेट सभागृहात. नेल्लो म्हणाला, अरे, त्या दिवशी लोकांना सूप पिऊन आडवं व्हायचं असतं. नेल्लोला दूरदृष्टी नाही.
आईने विचारलं, त्या दिवशी तरी बाबांच्या कबरीवर येशील ना? म्हटलं, बघू. सराव असेल.

२० ऑक्टोबर
पोस्टर केलं. पांढरा कागद, जाड काळी चौकट, आत माझं नाव, गंभीर चेहऱ्याचा फोटो, तारीख, वेळ, सान रोक्कोचं सभागृह. बाकी काही नाही. गूढ हवं. गावात कुणी गेलं की भिंतीवर लावायच्या निधनाच्या पत्रिका छापखानेवाले गाज्जेरोच छापतात. म्हणाले, चौकट तर तयारच आहे माझ्याकडे. कार्यक्षम माणूस! मग चष्मा काढून म्हणाले, तावियो, आईला विचारलंस का? कलेत आईला कोण विचारतं?

२७ ऑक्टोबर
पोस्टर तुफान चाललंय. लोक थांबतात, टोपी काढतात. दोघींनी क्रूसाची खूण केली. पलीकडच्या गावचा पाववाला मला बघून सायकलवरून पडला. यालाच कीर्ती म्हणतात.
आई मात्र भडकली आहे. म्हणते, मेल्या, बायका दारात येऊन गळा काढतायत, आणि मी तुला खिडकीत उभा करून दाखवतेय! थोडा सर्दीचा त्रास. बाकी काही वाटत नाही.

३ नोव्हेंबर
काल सभागृह भरलं! काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या हातात शेवंती. नेल्लो कुजबुजला, तावियो, शेवंती थडग्यावर वाहतात रे. फूल ते फूल. मी स्टेजवर येताच एक किंचाळली. ऑर्गन सुरू झाल्यावर जपमाळा निघाल्या. शेवटी एकीने विनवलं, बाळा, तुझ्या बाबांचं ते वॉल्ट्झ वाजव ना. येत नाही म्हटलं. येतं.
ब्रांबाती काही दिसले नाहीत. गाडी चुकली असणार.
आई म्हणाली, सुरू होण्याआधी दारात मिलानचा एक सद्गृहस्थ भेटला. तिचा हात हातात घेऊन म्हणाला, फार वाईट झालं हो. तिला वाटलं, बाबांबद्दल. म्हणाली, देवाची मर्जी. त्याने पोस्टरकडे बघून टोपी काढली आणि स्टेशनकडे गेला.

९ नोव्हेंबर
आईच्या नावे तार. "चिरंजीवांच्या अकाली निधनाने दुःख झाले. करार घेऊनच आलो होतो. ब्रांबाती."
म्हणजे आवडलं होतं!
नेल्लो म्हणाला, लेका, फोन कर, जिवंत आहे म्हण. केला. त्यांची सेक्रेटरी म्हणाली, मेलेल्या माणसाच्या नावाने चेष्टा करता, लाज नाही वाटत? तिने फोन ठेवला.
नवीन अल्बमचा विचार करतोय. सहा कीबोर्ड.

१८ नोव्हेंबर
आईने हुकूम सोडला म्हणून पोस्टर खरवडायला गेलो. पावसाने भिजलं होतं, सहज निघालं. खाली बाबांची पत्रिका. जानेवारीत तिच्यासमोरून रोज गेलो, वाचली नव्हती. चौकट तीच, गाज्जेरोंची. बाबांचं नाव. खाली: दुःखी पत्नी, दुःखी मुलगा ओत्तावियो.
जानेवारीपासून भिंतीवर होतं. सगळ्या गावाने वाचलं होतं. मी आज वाचलं.
सराव नाही. बरंच रडलो, तिथेच, हातात खरवडणी घेऊन. पाववाला होता, त्याने टोपी काढली.
घरी येऊन आईला विचारलं, बाबांची कबर नक्की कुठे आहे.