बुरशीची पट्टी आणि माझं गाजलेलं भाषण

२ जानेवारी. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडेल. विद्यापीठाच्या उद्योग कक्षाचा प्रमुख होऊन दोन वर्षं झाली. काम सोपं: प्रोफेसरांचे शोध लॅबमधून बाजारात न्यायचे, त्यांना कंपन्या काढून द्यायच्या. आतापर्यंत निघालेल्या कंपन्या शून्य. दोष प्रोफेसरांचा. यंदाचा संकल्प: तीन कंपन्या. शिवाय शांत राहणे.

६ जानेवारी.
शांत राहणे रद्द. बुरशीबाई आल्या. नाव मीच ठेवलंय, बाई अकरा वर्षं बुरशी वाढवताहेत. त्या बुरशीपासून जखमेवरची पट्टी केलीय म्हणे. काढताना कातडीला चिकटत नाही, भाजलेल्या माणसाला ओरडावं लागत नाही. विचारलं, मार्केट केवढं? म्हणाल्या, तुम्ही कधी भाजला आहात का? हे काय उत्तर झालं? उद्धट बाई.

९ जानेवारी.
पेटंटच्या वकिलांनी बजावलं: अर्ज दाखल होईपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही, कृती बाहेर फुटली की पेटंट गेलं. बाई सगळा वेळ माझ्याकडेच बघत होत्या. मग वकिलांना म्हणाल्या, कृतीचा कागद यांच्याकडे नको. माझ्यादेखत! पण माझ्या सहीशिवाय अर्ज हलत नाही, झक मारत द्यावा लागला. म्हणे विश्वास नाही. माझ्या पोटात गोष्टी राहतात.

१४ जानेवारी.
मेहुण्याच्या व्यापारी क्लबात भाषण करायचंय. मेहुण्याचं फरश्यांचं दुकान. दर वर्षी चारचौघांत विचारतो, "भाऊजी, तुम्ही नक्की करता काय?" यंदा कळेलच.

१८ जानेवारी. रात्री ९.
ठरवलं होतं, फक्त सूचक बोलायचं. पण दहाव्या मिनिटाला मेहुण्याने जांभई दिली. तोंडावर हातसुद्धा न ठेवता! मग एकच स्लाइड दाखवली. कोणती बुरशी, किती दिवस, किती तापमान, कशात भिजवायची. टाळ्याच टाळ्या. घरी येताना बायकोने विचारलं, अहो, ते दाखवायचं होतं का? म्हटलं, फरश्या विकणाऱ्यांना बुरशीतलं काय कळतंय?

२३ जानेवारी.
क्लबने भाषणाचा व्हिडिओ नेटवर टाकला. आठशे बारा जणांनी पाहिला! वकिलांनाही लिंक पाठवली. जरा शिका म्हणावं, बोलतात कसं ते.

त्याच दिवशी, दुपारी ३.
वकिलांचा फोन. एवढं किंचाळायला काय झालं? अर्ज २७ तारखेला जाणार होता म्हणे. मग आधीच द्यायचा ना! दिरंगाई यांची आणि बोंब माझ्या नावाने.

२७ जानेवारी.
कुलसचिवांनी खुलासा मागवला. सहा पानं लिहिली. दोषी: वकील, मेहुणा, इंटरनेट. मेहुण्याचं नाव लिहिलेलं बायकोला कळलं. सकाळपासून अबोला. आपलेच दात, आपलेच ओठ.
संध्याकाळी कुलसचिवांचं उत्तर आलं. एकच ओळ: कक्षाच्या किल्ल्या शुक्रवारपर्यंत जमा कराव्यात.

३१ जानेवारी. शुक्रवार.
खोकी भरत होतो तेवढ्यात बुरशीबाई आल्या. आरडाओरडा करतील म्हणून तीन सडेतोड उत्तरं पाठ करून ठेवली होती. बाई ओरडल्याच नाहीत. खोकं बाजूला सारून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, पैसे लावणारी कंपनी मागे हटली. त्यांचं म्हणणं, पेटंट नाही तर पट्टी कुणीही बनवेल, मग आम्ही पैसे कशाला लावायचे? लॅबमधल्या दोन मुलींना आज घरी पाठवावं लागलं.
मी म्हटलं, पण वकिलांनी... त्यांनी हाताने थांबवलं.
म्हणाल्या, "तुमचं भाषण मी पूर्ण पाहिलं. अकरा वर्षांत माझं काम इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कधी जमलं नाही. दहा दिवस थांबला असतात, तर हेच भाषण त्या कंपनीपुढे तुम्हालाच करायला लावलं असतं मी."
आणि उठून गेल्या.
पाच वाजेपर्यंत उत्तर शोधत बसलो. शिपाई किल्ल्यांसाठी दारात उभा होता. त्याने दोनदा घसा खाकरला. मग किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या.