ब्रेक कोणाले दिसते?

बाबा,

तुमच्या श्राद्धाला यंदाही सगळ्यांनी तीच गोष्ट काढली, आणि यंदाही मी ताटं उचलायच्या निमित्ताने आत गेले. पोरीने बिनब्रेकची गाडी सौंसरपर्यंत नेली, ही गोष्ट तुम्ही मोहगावच्या चौकात इतक्यांदा सांगितलीत की लोकांना ती तोंडपाठ आहे. तुम्हाला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, हे मात्र कोणी सांगत नाही.

मी बीएस्सीला होते. तुम्ही नागपूरहून आणलेल्या जुन्या पांढऱ्या गाडीने कॉलेजला जायची आणि पेट्रोल शिकवणीच्या पैशांतून भरायची. ब्रेकचं पेडल खाली जायला लागलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पंप मार ना दोन-तीन डाव. लागते मंग." पांढुर्ण्याच्या मिस्त्रीने सांगितलं, ब्रेकचा सिलिंडर बदलावा लागेल. दिवाळीपर्यंत थांबू म्हटलं, तर परीक्षेची फी आली. मग संक्रांत आली. शेवटी पैसे जमले, ते मी तुमच्या हातात दिले. मामांना चालवायला घेऊन तुम्ही पांढुर्ण्याला गेलात आणि संध्याकाळी परतलात ते सीटवर लाल मखमलीची, झालर लावलेली कव्हरं घालून.

"अन् ब्रेक?" मी विचारलं.

"ब्रेक कोणाले दिसते वं? पोरगी कारनं कॉलेजले जाते, सारा गाव पाहून राहिला. फाटकी सीट बरी दिसते का?"

आई हसली. मी पुस्तक उघडून बसले.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकू धावत आल्या. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. गाडी आल्यापासून ती साऱ्या गल्लीचीच होती, आणि तुम्ही कोणाला नाही म्हणत नव्हता. मी तुम्हाला बाजूला घेतलं. "बाबा, ब्रेक लागून नाही राहिले. दुसरी गाडी पाहा."

तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात, "एवढी शिकली अन् जीव चिमणीचा! तिकडे बाई अडली आहे अन् हे ब्रेक घेऊन बसली."

मी चावी घेतली आणि सौंसरच्या दवाखान्याकडे गाडी काढली. मागे तुमच्या मखमलीवर सून ओरडते आहे, काकूंनी तिचं डोकं मांडीवर धरलं आहे, तुम्ही माझ्या शेजारी. पुलाच्या उतारावर पुढे कापसाचा ट्रॅक्टर. मी पेडल दाबते, पुन्हा दाबते, पाय नुसता खाली जातो. गिअर खाली आणते, हँडब्रेक ओढते. गाडी ट्रॅक्टरच्या मागे हातभरावर थांबते.

"पाह्य, लागला ना!" तुम्ही म्हणता.

बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. काकूंनी पेढे तुमच्या हातात दिले. गोष्ट तिथेच दवाखान्याच्या व्हरांड्यात सुरू झाली, मी बाकावर हात मांडीखाली दाबून बसले होते तेव्हा. ब्रेक पुढे कितीतरी महिने तसेच राहिले. त्यांच्याशिवाय चालतं, हे तुम्ही आता साऱ्या गावाला पटवून दिलं होतं.

मला अजून राग येतो, बाबा. त्या गाडीत एक न जन्मलेलं मूल होतं, आणि तुमच्या गोष्टीत ते फक्त शेवटी पेढ्यांपुरतं येतं. लोक हसतात तेव्हा मला ओरडून हे सांगावंसं वाटतं. सांगता येत नाही, म्हणून या कागदावर काढलं. सकाळी गॅसवर धरून जाळून टाकीन.

भेव लागलं का वं तुले, असं तुम्ही एकदाही विचारलं नाही. पण विचारलं असतं, तरी मी 'नाही' म्हटलं असतं.