दोन्ही बाजूंनी पॉलिश

सौ. वहिनींना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे पाचच अंगं टेकली, बाकीची तीन मनात धरा). बाळ-बाळंतीण सुखरूप असतील आणि नातवाचं नाक आमच्या दादावर गेलं नसेल, अशी आशा करतो. इकडे सगळे ठणठणीत आहेत. सगळे म्हणजे माणसं.

तुम्ही रोज फोनवर विचारता, "भावजी, झाड कसं आहे?" मी सांगतो, "चमकतंय." यात तसूभर खोटं नव्हतं. झालं असं, की तुम्ही सांगून गेलात तसं जेवणाच्या टेबलाला मेणाचं पॉलिश केलं आणि डबा अर्धा उरला. समोर खिडकीत तुमच्या आईने शेवटच्या भेटीत दिलेल्या फांदीचं झाड, पानांवर ही धूळ! तीस वर्षं फर्निचर घासलेला हात गप्प बसतो होय? एकेक पान तळव्यावर घेऊन चोळलं. वरून चोळलं, तसंच खालूनही; मागची बाजू कोरी सोडणारा पॉलिशवाला आणि पाठ न घासता आंघोळ उरकणारा माणूस (दादाचं नाव घेत नाही) मी एकाच मापाने मोजतो. अठरापैकी सतरा पानं झाली आणि तुमचा फोन आला.

आठवडाभर शेजारीपाजारी पानांत तोंड बघून गेले. मग पानं पिवळी पडू लागली. मी (लाकडाला तो रंग शोभतो, या हिशेबाने) आणखी एक हात मारला. शेवटी खालच्या मजल्यावरच्या विज्ञानाच्या बाईंना बोलावलं. त्यांनी पान उलटं केलं, हुंगलं आणि तास सुरू केला.

"अहो, पानाच्या पाठीला बारीक बारीक तोंडं असतात. हवा तिथून आत जाते, पाणी मुळं वर पाठवतात. ऊन म्हणजे चूल आणि पानातला हिरवा रंग म्हणजे स्वयंपाकीण. ती साखर करते, त्यावर झाड जगतं. उरलेला प्राणवायू बाहेर सोडतं, तो तुम्ही ओढता आणि असले उद्योग करता! त्या स्वयंपाकिणीला आत कोंडून दारं-खिडक्या लिंपल्यात तुम्ही."

"पण चमक बघा ना, बाई."

"उपाशी माणसाला पावडर थापली तरी तो उपाशीच!"

सतरा पानं गळली. वाचलं ते तुमच्या फोनामुळे राहिलेलं. सध्या ते एकटं मिळवतं आणि खोड, फांद्या, मुळं बसून खातात. (दादाची आठवण येते. मुळांकडे पाहिलं की माझीही.) आज सकाळी मात्र त्याच्या बगलेत उंदराच्या कानाएवढं नवं पान दिसलं. मी दुरूनच पाहिलं.

आपला,
हात पाठीमागे बांधून बसलेला दीर

ता. क. आणखी दोन महिने लेकीकडेच राहा. बाळाला आजी हवी असते, आणि झाड ओळखू येण्याइतकी पानं फुटायला तेवढे दिवस लागतील, असं बाई म्हणतात.

पुन्हा ता. क. आल्यावर टेबलाखाली वाकून बघू नका. तिथे पॉलिश नाही. तीस वर्षांत एकाही टेबलाला मी खालून हात लावलेला नाही; कोण वाकतंय? जन्मात एकदाच खालची बाजू मन लावून केली, ती तुमच्या आईच्या झाडाची.